बट्टा कोणाला?

'बट्टा' हा शब्द आता आपण फक्त नावाला लावतो. घराण्याच्या नावाला बट्टा, गावाच्या नावाला बट्टा. पण दोनशे वर्षांपूर्वी हा रोजच्या व्यवहारातला शब्द होता आणि तो पैशाला लागायचा. गेले दोन वीकएंड या एका शब्दाच्या मागे घालवलेत, कारण माझ्या गावाच्या, म्हणजे कणकवलीच्या इतिहासात हा शब्द एकदा पार उलट्या अर्थानं परत येतो. तिथपर्यंत पोचायला मोठा वळसा आहे. सांभाळून घ्या.

पेशवाईत एकाच मुलखात अनेक टाकसाळींचे रुपये चालायचे. अंकुशी, चांदवडी, सुरती... वजन निराळं, चांदीचा कस निराळा. सरकार सारा मागणार तो अमुकच नाण्यात. रयतेच्या हातात असणार तमुक. मग सराफाकडे जायचं, तो बदलून देणार आणि फरकापोटी काही कापून घेणार. हा बट्टा. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कराला नुसता आकडा नव्हता, फॉरमॅटही होता, आणि डेटा कन्व्हर्ट करायचा खर्च नेहमी युजरच्या डोक्यावर. सराफाला घाई नसते, सरकारलाही फारशी नसते. हप्त्याची तारीख उलटून चाललेल्या माणसाला घाई असते. म्हणून बट्टा त्याला.

१८३५ साली कंपनी सरकारनं एकच रुपया केला, बरोबर एक तोळ्याचा. झालं, बट्टा संपला असं वाटेल. सराफाचा धंदा बसला हे खरं, पण शेतकऱ्याची अडचण दुसऱ्या दारानं घरात आली. कोकणातली जमीन भात देते, नाचणी देते, कोकम देते, समुद्र मासळी देतो. रुपया यातलं कोणीच देत नाही. खोतीच्या गावात कूळ अर्धेलीनं धान्य घालायचं आणि सरकारात रोकड भरायची ती खोतानं, त्यामुळे रोकड जमवणाऱ्याचा वचक आपोआप कुळावर. जिथे शेतकरी थेट सारा भरायचा तिथे हप्त्याच्या दिवसांत सगळ्या गावाला एकदमच पैसे हवे असायचे. सगळ्यांनी एकदम भात विकायला काढलं की भाताला भाव कुठला?

मग रुपया कुठून यायचा? मुंबईतून. रत्नागिरी जिल्ह्यातून (कणकवली १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होती, १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला) माणसं गिरण्यांत गेली, गोदीत गेली, पोलिसात गेली, घरकामाला गेली. १८८० मध्ये मनीऑर्डरचं काम पोस्टाकडे आलं आणि कोकणच्या अर्थव्यवस्थेला एक पाइपलाइन मिळाली. आमच्या वाडीत माझ्या लहानपणीसुद्धा सकाळी अकराच्या सुमारास एकच चौकशी असायची, 'मनिआर्डर इली काय?' इली असेल तर दुकानदाराची वही थोडी हलकी व्हायची. नसेल तर पोस्टमनलाच अपराध्यासारखं वाटायचं.

आणि बट्टा म्हणाल तर तो इथेही होताच, फक्त त्याला कमिशन म्हणत. अगदी अलीकडे, जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली त्याआधीच्या काळात, हा दर वीस रुपयांना एक रुपया होता. पाच टक्के! क्रेडिट कार्डावर दोन टक्के जास्तीचे मागितले तर आपण दुकानदाराशी हुज्जत घालतो.

आता खरा मजेदार भाग. (मजेदार म्हणजे वाचायला. भोगणाऱ्याला नव्हे.)

१८९३ पर्यंत सरकारी टाकसाळीत कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत असा कायदा होता. म्हणून तोळाभर चांदी म्हणजे साधारण एक रुपया, हे समीकरण घरोघरी पक्कं. बायकांच्या पायातले तोडे, हातातले गोठ हे नुसते दागिने नव्हते, ती बँक होती. वाईट वर्ष आलं की मोडा आणि सारा भरा. पण जगभर चांदी स्वस्त होत चालली होती आणि तिच्याबरोबर रुपयाही पौंडाच्या तुलनेत घसरत होता. सरकारला दरवर्षी लंडनला पौंडात खर्च पाठवायचा असे. १८९४-९५ मध्ये रुपया १३ पेन्सच्या आसपास होता. पौंडात २४० पेन्स, म्हणजे एका पौंडाला साडेअठरा रुपये मोजायचे. सरकारला ते परवडेना. उपाय म्हणून १८९३ मध्येच टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद करून टाकल्या होत्या. रुपयाचा पुरवठा आवळला की रुपया महाग होणार, साधा हिशोब. काही वर्षांत तो १६ पेन्सवर आला. आता पौंडाला पंधराच रुपये. सरकारचे साडेतीन रुपये वाचले.

वाचले म्हणजे गेले कुणाचे? साऱ्याचा दर कागदावर तोच होता. पण ज्या रुपयात तो भरायचा तो रुपया मुद्दाम दुर्मीळ केलेला होता. कर एका पैशानंही न वाढवता कर वाढवण्याची ही युक्ती. आणि आजीचे तोडे? १९०२ च्या सुमारास एका रुपयात जेवढी चांदी असते तिची बाजारातली किंमत राहिली होती साधारण नऊ आणे. घरातली बँक कोणी न लुटता जवळजवळ अर्धी रिकामी झाली. त्यातच १८९६ पासून मुंबईत प्लेग. शहर ओस पडलं, चाकरमानी लोटानं गावी परतले. ज्या वर्षी रुपया सगळ्यात जास्त हवा होता त्याच वर्षी तो पाठवणारा माणूस घरी येऊन ओटीवर बसलेला.

ही चोरी भर सभेत मांडली ती कोकणातल्याच माणसानं. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म गुहागरजवळच्या कोतळूकचा. २६ मार्च १९०२ ला कलकत्त्याला, मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण झालं. सरकार सांगत होतं की तिजोरीत शिल्लक पडते आहे, म्हणजे देश सुखात आहे. गोखल्यांनी आकडे सोडवून दाखवले की ही शिल्लक रयतेच्या भरभराटीची नाही, बरीचशी महाग केलेल्या रुपयाची आहे. दुष्काळ आणि प्लेग चालू असताना शिल्लक पडते हीच लाजिरवाणी गोष्ट. आपल्याकडे टिळक-गोखले वादात गोखल्यांना 'नेमस्त' म्हणून मोडीत काढायची पद्धत आहे. हे भाषण वाचून मग काढा म्हणावं.

त्याच भाषणात त्यांनी मिठावरचा कर कमी करा म्हणून मागणी केली होती. तो कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. मण म्हणजे सुमारे ३७ किलो, म्हणजे किलोला एक आण्याहून थोडा जास्त. पाच माणसांच्या घराला वर्षाला २५-३० किलो मीठ धरलं तर पावणेदोन-दोन रुपये नुसता कर. मजुराला दिवसाला तीन आणे धरा, म्हणजे दहा दिवसांची मजुरी. १९०३ मध्ये दर दोन रुपयांवर आला, पुढे दीड, १९०७ मध्ये एक. मग पुन्हा वाढत गेला.

कोकणात हा कर जास्त झोंबायचा याचं कारण उघड आहे. देशावरच्या माणसाला मीठ विकतच घ्यावं लागतं. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठागरं डोळ्यासमोर. पाणी समुद्राचं, ऊन देवाचं, कष्ट आपले, पण ते मीठ उचलायला आधी मुंबईहून आलेला रुपया सरकारात द्यायचा. शेजारच्या गोव्यातून स्वस्त मीठ आणावं तर तीही वाट बुजवलेली. १८७८ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांशी तह करून गोव्याच्या मिठाचा ताबाच घेतला होता, वर्षाला चार लाख रुपये भरपाई देऊन. तो तह १८९२ मध्ये संपला, पण तोवर कित्येक लहान मिठागरं मोडली होती.

मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. शाळेच्या पुस्तकात दांडी असते, शिरोड्याला एक ओळ मिळाली तर मिळाली. लाठ्या खाल्ल्या, शेकडो लोक तुरुंगात गेले. मिळालं काय? ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एक कलम आहे: जिथे मीठ तयार होतं तिथल्या आसपासच्या गावांनी घरच्यापुरतं आणि गावातल्या गावात विकण्यापुरतं मीठ करावं, बाहेर विकू नये. लोक या करारावर टीका करतात. पण मला हे कलम फार शहाणपणाचं वाटतं. कारण त्यात कराचा दर नव्हता बदलला. एक गरज रुपयाच्या कचाट्यातून बाहेर काढली होती. मिठाचा कर सगळाच रद्द झाला तो १९४७ मध्ये.

मधल्या दोन महायुद्धांतल्या सुट्ट्या पैशांच्या टंचाईबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या युद्धात चांदी इतकी आटली की १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली आणि १९१८ मध्ये अमेरिकेच्या तिजोरीतून चांदी आणावी लागली. दुसऱ्या युद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून भोकाचा पैसा आला. जुन्या पैशाच्या निम्म्याहून कमी तांबं त्यात होतं. सुटे नसले की दुकानदार वरचे पैसे परत देत नाही, त्याऐवजी काहीतरी हातावर ठेवतो, हा अनुभव आपल्यालाही आहे. हासुद्धा बट्टाच, चॉकलेटचा.

असो. आता कणकवली.

शिरोड्याच्या सत्याग्रहातल्या पुढाऱ्यांत अप्पासाहेब पटवर्धन होते, ज्यांना कोकणचे गांधी म्हणतात. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून उपास करणारे हेच, आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास केला होता. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम काढला. गोपुरी म्हटलं की लोकांना संडासाचं सोनखत, मेलेल्या जनावरांचं चामडं कमावणं, सफाई हेच आठवतं. पण या माणसानं पैशावरही जबरदस्त विचार केला होता. त्यांच्या मांडणीचं नावच 'व्याज-बट्टा'.

मुद्दा असा. भात ठेवलं तर टोका लागतो, मासळी नासते, माणसाचे हात रिकामे राहिले तर तो दिवस कायमचा बुडतो. पैसा तेवढा कुजत नाही. म्हणून पैसेवाला थांबू शकतो, बाकी कोणी थांबू शकत नाही, आणि या थांबण्याचीच तो व्याज म्हणून किंमत घेतो. अप्पासाहेबांचं म्हणणं, हे उलटं करा. व्याज बंद, आणि साठवून ठेवलेल्या पैशालाच बट्टा लावा. इतकी वर्षं बट्टा नडलेल्याला लागत होता, तो आता अडवून बसलेल्याला.

ही कल्पना हवेतली नव्हती. ऑस्ट्रियात व्योर्गल नावाचं गाव आहे, तेव्हा चारेक हजार वस्तीचं होतं. १९३२ च्या मंदीत तिथल्या नगराध्यक्षानं, उंटरगुगेनबर्गर त्यांचं नाव, गावापुरत्या नोटा काढल्या. दर महिन्याला एक टक्क्याचं तिकीट चिकटवलं तरच नोट पूर्ण किमतीची. साहजिकच कोणी ती धरून ठेवेना. रस्ते झाले, पूल झाला, लोकांनी थकलेले कर भरले, काहींनी तर पुढचे आगाऊ भरून टाकले! १९३३ च्या सप्टेंबरात देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या आग्रहानं प्रयोग बंद पडला.

अख्ख्या देशाला हे लागू झालं असतं का? मला शंका आहे. लोक सोनं घेतील, जमिनी घेतील, आणि जमिनीला बट्टा कोण लावणार? पण प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता एवढं नक्की.

अप्पासाहेब १९७१ साली गेले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमच्याकडे संपाची बातमी पेपरातून नाही कळली, अकरा वाजता कळली. आधी मनीऑर्डरी लहान झाल्या, मग थांबल्या. शेत तेवढंच, भात तेवढंच, माणसं उलट जास्त. तरी घरं बसली. पोटापुरतं होतं, पण शाळेची फी, रॉकेल, औषध यांना भात चालत नाही. दुकानदाराच्या वह्या जाड झाल्या आणि त्यातून कित्येकांच्या जमिनी हलल्या.

आणि ८ नोव्हेंबर २०१६ ला सरकारनं खरोखरच साठवलेल्या पैशाला बट्टा लावला. थोडाथोडका नाही, शंभर टक्के, तोही चार तासांच्या सूचनेवर. अडवून बसलेल्याला पकडायचं हा हेतू ऐकून मला अप्पासाहेबच आठवले होते. पण रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी बँकांत परत आले. ज्यांनी साठवलं होतं त्यांना तो बट्टा जवळजवळ लागलाच नाही. रांगेत उभं राहून ज्यांची मजुरी बुडाली त्यांना लागला. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं देशभरातल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज ज्या बँकेतून फिरतं तीच बँक बंद. हंगाम भातकापणी होऊन गेल्याचा, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी साऱ्याच्या हप्त्याला जो असायचा तोच. त्याआधीच्या चार दिवसांत या बँकांनी घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायला परवानगी मिळाली ती जून २०१७ मध्ये. तोवर आमच्याकडे पुढच्या भाताचा तरवा पेरून झाला होता.