शास्त्र, संघ आणि विद्यार्थी

एखाद्या शास्त्राचा इतिहास म्हणजे त्यातील सिद्धान्तांचा आणि प्रयोगांचा इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु शास्त्र माणसे करतात, आणि माणसाला सोबत लागते. ही सोबत कोणाला मिळाली व कोणाला नाकारली गेली, हाही शास्त्राच्या इतिहासाचाच भाग होय. अमेरिकेतील मानसशास्त्राच्या संघांकडे आज आपण या दृष्टीने पाहू.

वुंट याने लाइपझिग येथे 1879 साली प्रयोगशाळा काढली, आणि तोवर तत्त्वज्ञानाच्या घरी आश्रिताप्रमाणे राहणारे मानसशास्त्र स्वतंत्र बिऱ्हाड करू लागले. 1892 च्या जुलैत मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर गावी, क्लार्क विद्यापीठात, स्टॅन्ली हॉल यांच्या पुढाकाराने 'अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन' स्थापन झाली. आरंभीचे सभासद अवघे 31. हा संघ प्राध्यापकांचा होता. विद्यार्थ्याचा विचार त्यात मुख्य नव्हता.

त्याच सुमारास मेरी कॅल्किन्स ही वेल्स्ली महाविद्यालयातील अध्यापिका हार्वर्डला शिकण्यासाठी आली. स्त्री म्हणून तिला विद्यार्थिनी नव्हे, तर पाहुणी म्हणून वर्गात बसू दिले. विल्यम जेम्स यांच्या वर्गातील इतर विद्यार्थी गळाले आणि शेवटी गुरू व शिष्या दोघेच उरले. पुढे म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत तिने स्मृतीवर संशोधन केले. रंग व आकडे यांच्या जोड्या लावून स्मृती तपासण्याची तिची पद्धत अजून वापरात आहे. 1895 मध्ये तिची परीक्षाही झाली आणि परीक्षकांनी तिची मनःपूर्वक शिफारस केली; पण हार्वर्डने पदवी दिली नाही. 1902 मध्ये रॅडक्लिफची पदवी देऊ केली, ती तिने नाकारली. अभ्यास हार्वर्डचा आणि पदवी दुसरीकडची, हे तिला मान्य नव्हते. आता गंमत पाहा : ज्या बाईला विद्यापीठाने पदवी नाकारली, तिलाच 1905 मध्ये संघाने अध्यक्ष केले. विद्यापीठाची दारे बंद असली तरी संघाचे दार उघडे असू शकते, हे त्यावरून दिसते. मात्र सगळ्याच संघांचे तसे नव्हते. टिचनर यांनी 1904 मध्ये प्रयोगकर्त्यांचे एक मंडळ काढले, त्यात स्त्रियांना प्रवेशच नव्हता.

विद्यार्थ्यांसाठी म्हणून पहिली मोठी संस्था 1929 साली उभी राहिली. येल येथे आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषद भरली असता 'साय काय' हा गुणवंत विद्यार्थ्यांचा संघ स्थापन झाला. उपक्रम चांगला, पण गुणवंताचा सन्मान वर्गात पोचलेल्याचाच होतो. ज्याला वर्गातच घेतले जात नाही, त्याने काय करावे?

फ्रान्सिस समनर या कृष्णवर्णी विद्यार्थ्याने 1920 साली क्लार्क विद्यापीठात हॉल यांच्याच हाताखाली मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. त्याच्या समाजातला तो पहिलाच. हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी विभाग बांधला. तेथे शिकलेल्या केनेथ व मॅमी क्लार्क या दांपत्याने बाहुल्या दाखवून मुलांच्या मनावरचा वर्णभेदाचा परिणाम अभ्यासला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभागणी बेकायदा ठरवली, तेव्हा केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख निकालपत्रात आला. तरीही वर्ग मोठ्या प्रमाणावर गोऱ्यांचेच राहिले. म्हणून 1968 मध्ये कृष्णवर्णी मानसशास्त्रज्ञांनी स्वतःचा संघ काढला, आणि 1969 मध्ये वॉशिंग्टनच्या अधिवेशनात, अध्यक्ष जॉर्ज मिलर यांच्या भाषणाच्या वेळीच, कृष्णवर्णी विद्यार्थी व्यासपीठावर गेले. त्यांना टाळ्या नको होत्या. आपल्या समाजातील अधिक विद्यार्थी व अध्यापक विभागांत घ्यावेत, आणि आपल्या वस्त्यांत काम करण्याची संधी मिळावी, एवढे त्यांचे मागणे होते.

त्याचा परिणाम सावकाश झाला. 1971 मध्ये केनेथ क्लार्क मोठ्या संघाचे अध्यक्ष झाले. 1974 मध्ये अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची योजना निघाली. 1988 मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे स्वतंत्र मंडळ झाले. आणि 2021 मध्ये वर्णभेदातील आपल्या वाट्याबद्दल संघाने जाहीर क्षमा मागितली.

तात्पर्य, विद्यार्थ्याला सन्मानचिन्हापेक्षा तीन गोष्टींची गरज अधिक : शिकायला पैसा, वाट दाखवणारा जाणता माणूस, आणि आपले म्हणणे मांडायला बैठकीत जागा. वर सांगितलेल्या संघांनी या तिन्ही गोष्टी अखेर दिल्या. परंतु बहुधा मागितल्यावर दिल्या. म्हणून आपल्या गावात एखादी विद्यासंस्था निघेल, तेव्हा तिची सभासदयादी तर पाहाच, पण दाराबाहेर कोण उभे आहे, तेही विचारा.