जोखमीचा गुणाकार

पेढ्यांच्या काळात जोखमी हुंडी नावाचा एक कागद चाले. जहाजाने माल पाठवणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर ही हुंडी लिही आणि तिसऱ्याला कमी पैशांत विकून टाकी. माल सुखरूप पोचला तरच ती वटायची. माल बुडाला, तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. व्याज वजा जाता किमतीत जी तफावत उरे, ती वाटेतल्या धोक्याची. पेढीवाले कागदालाही जपत. शंभर रुपयांच्या हुंडीत ‘नीमे पन्नास, त्याचे दुप्पट’ असेही लिहीत, म्हणजे मागून शून्य वाढवणाऱ्याची पंचाईत. हुंडी गहाळ झाली तर पेठ ही दुसरी प्रत, तीही गेली तर परपेठ ही तिसरी. मालाचा धोका ते मोजत, कागदाचा मात्र नुसता अडवत. कागदावरच्या मजकुराच्या धोक्याला आकडा लावायला कॉम्प्युटर यावा लागला.

धोक्याला आकडा लावण्याच्या या हिशेबाचे मूळ पॅरिसमध्ये आहे. पास्काल आणि फर्मा यांनी १६५४ साली पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे गणित मांडले. १६६२ मध्ये आर्नो आणि निकोल यांच्या ‘पोर्ट-रॉयल’ तर्कशास्त्रात सूत्र आले : भीती नुकसानीच्या आकाराएवढीच नको, ते घडण्याच्या शक्यतेच्याही प्रमाणात हवी. विजेच्या कडकडाटाने गर्भगळीत होणाऱ्यांना त्यांनी तिथे टोमणा मारला आहे. (जूनमध्ये शेतात उभ्या असलेल्या वऱ्हाडी माणसाला तो फारसा पटणार नाही.) १६९३ मध्ये हॅलीने ब्रेस्लाव शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता केला आणि विमा अंदाजातून गणितात आला.

नुकसान गुणिले शक्यता, हाच गुणाकार कॉम्प्युटरच्या खोलीत नेला तो आयबीएमच्या रॉबर्ट कोर्टनी यांनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट १९७९ मध्ये ‘फिप्स ६५’ ही मार्गदर्शिका काढली, ती त्यांच्याच पद्धतीवर. काटेकोर आकडे मिळणारच नाहीत, तर निदान शून्ये तरी बरोबर मोजा, असा त्यांचा रोख. १० डॉलरचे नुकसान म्हणजे १ गुण, १०० चे २, १,००० चे ३. घटना ३०० वर्षांतून एकदा घडत असेल तर १, तीस वर्षांतून एकदा तर २, तीन वर्षांतून एकदा तर ३. दोन्ही गुणांची बेरीज करून तीन वजा करायचे, उरेल तितकी शून्ये एकावर द्यायची आणि तिनाने भागायचे. झाला वार्षिक अपेक्षित तोटा.

डॉलरच्या जागी रुपये धरून रिसोडच्या एखाद्या अडत्याचा हिशेब मांडून पाहू. ऐन सोयाबीनच्या हंगामात खंडणी मागणाऱ्या व्हायरसने त्याच्या खातेवह्या कुलूपबंद केल्या. नुकसान लाखाचे, म्हणजे ५ गुण; तीन वर्षांतून एकदा, म्हणजे ३. पाच अधिक तीन वजा तीन : उत्तर ३३,३३३ रुपये. आता दहा लाखांचे नुकसान तीस वर्षांतून एकदा धरा. सहा अधिक दोन वजा तीन : उत्तर पुन्हा ३३,३३३. पहिला तोटा अडत्या रडतकढत पचवील, दुसऱ्यात त्याच्या दुकानाला टाळे लागेल. कागदावर दोन्ही सारखेच. माझ्या मते या पद्धतीची खरी खोट इथे आहे.

‘फिप्स ६५’ १९९५ मध्ये मागे घेण्यात आले. २००२ मध्ये त्याच संस्थेच्या नव्या पुस्तिकेत शक्यता आणि नुकसान दोन्हींना उच्च, मध्यम, कमी अशा पायऱ्या देणारे नऊ घरांचे कोष्टक आले. रंगीत कोष्टक सभेत छान दिसते, पण कोणत्या घरात टिंब टाकायचे हे शेवटी टाकणाराच ठरवतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचेच पाहा. ११ ऑगस्ट २०१८ ला एटीएमच्या व्यवहारांना बँकेची मंजुरी आणणाऱ्या खऱ्या एटीएम स्विचऐवजी बनावट स्विच होकार देत राहिला आणि २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी निघाले. भारतात अडीच कोटी गेले. १३ तारखेला आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात. एकूण ९४.४२ कोटी. शंभर कोटी धरून ‘३०० वर्षांतून एकदा’ म्हटले, तर कोर्टनींचे सूत्र सांगते वर्षाला ३३ लाख. पण ३०० का, ३० का नाहीत? हॅलीकडे ब्रेस्लावची वही होती. सहकारी बँकांच्या सायबर चोऱ्यांची तशी वही कोणापुढे उघडी नव्हती, आजही नाही.

रिझर्व्ह बँकेने मग गुणाकाराचा नाद सोडलेला दिसतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत चौकट आली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांचे चार स्तर पाडले. इंटरनेट बँकिंग आहे का, स्वतःचे एटीएम स्विच आहे का, दुसऱ्या बँकांना सॉफ्टवेअर पुरवता का, यावर स्तर ठरतो. किती दारे उघडी, तितकी कुलपे. जुन्या पेढीच्या पेठ-परपेठेच्या वळणाचे हे शहाणपण मला आकड्यांपेक्षा भरवशाचे वाटते.

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी मात्र एक फट राहते. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात. रिझर्व्ह बँकेची ही चौकट त्यांना लागू नाही, आणि बँकेतल्या ठेवीला असलेले पाच लाखांचे विमा संरक्षणही त्यांच्या ठेवींना नाही. तेव्हा पुढच्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर संचालकांना एवढेही विचारा : खात्यांची प्रत कुठे ठेवता, आणि ती उघडून शेवटची कधी पाहिली?