सांडपाणी : एका ठरावाची गोष्ट

संपादक मंडळाने 'सोसायटीच्या इतिहासावर चार ओळी लिहा' म्हणून आग्रह केला. भूमिपूजन, पहिली सभा, पहिला हप्ता यांवर इतर सभासद लिहितीलच. मी सांडपाण्यावर लिहितो. नाक मुरडू नका. आपल्या इतिहासातलं एक पान या शब्दामुळे बिघडलं आणि ते माझ्याच अक्षरात आहे.

'सांडणे' म्हणजे ओतून जाणे, जुन्या मराठीत टाकून देणे. धरणाचा सांडवाही त्याच घराण्यातला. गंमत अशी की, इंग्रजी 'सीवेज'चं कुळ वेगळं नाही. हा शब्द 19व्या शतकात 'सीवर'वरून तयार झाला आणि जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा पूर्वज म्हणजे तळ्याचं जादा पाणी बाहेर काढणारा पाट. मुळाशी लॅटिनमधले 'बाहेर' आणि 'पाणी' हे दोन शब्द. म्हणजे आपला सांडवाच की!

आमच्या लहानपणी गावात सांडपाणी म्हणजे न्हाणीचं आणि मोरीचं पाणी. ते परसातल्या अळवाला, केळीला जायचं, उरलेलं नालीत. मैला हा शब्द निराळा होता. तो कोणी सांडपाण्यात मिसळत नव्हतं. पुढे कचेरीच्या कागदांत दोन्ही एकाच शब्दात आले. बँकेत दोन वेगळ्या रकमा एकाच खात्यात टाकल्या की ताळेबंद जुळत नाही, तसंच आमचं झालं.

मी पहिला सचिव. इंग्रजी नकाशात संडासाच्या पाइपांसाठी 'सीवेज' होतं, ते मी ठरावात 'सर्व सांडपाणी सेप्टिक टाकीत सोडावे' असं उतरवलं. मिस्त्री गावचाच. त्याने शब्दाचा घरचा अर्थ घेतला. संडासाचे पाइप टाकीला होतेच, त्याने न्हाणीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणीही जोडून दिलं. त्याची काय चूक? अशा टाकीत मैला खाली बसायला पाणी थोडा वेळ थांबावं लागतं. इथे धो धो पाणी येऊ लागलं. पहिल्याच पावसाळ्यात टाकी तुंबून वर आली.

टाकी उपसायला एक माणूस बोलावला. झाकण काढलं, तो दोर धरून उतरला. मी काठावर छत्री धरून उभा. दोन मिनिटांत त्याचा आवाज बंद झाला. दोघा पोरांनी ओढून काढलं तेव्हा डोळे पांढरे झालेले. लिंबाखाली बसवून पाणी पाजलं, तेव्हा म्हणाला, "साहेब, आधी लई वास आला, मंग वासच येईना." नंतर वाचलं की टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की नाकाला वास कळणंच बंद होतं. तो वाचला, ही देवाची कृपा. माझी हुशारी नव्हे. मी व्हाउचरवर 'टाकी सफाई' लिहिलं आणि त्याचा अंगठा घेतला. आपल्या दप्तरात रक्कम आहे, त्याचं नाव नाही.

हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्धचा कायदा 1993चा. 2013च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा ठरवला. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख रुपये भरपाई ठरवली. पण गेलेला माणूस कुठल्या खात्यात जमा करणार?

त्यानंतर आपण पाइप वेगळे केले. न्हाणी-मोरीचं पाणी शोषखड्ड्यात, संडासाचं टाकीत. शोषखड्डा म्हणजे दगड-खडीने भरलेला खड्डा, मधोमध भोकं पाडलेली छोटी टाकी. गाळ आत बसतो, पाणी जमिनीत मुरतं. पुढे नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने, म्हणजे आपल्याच नावाच्या गावाने, घरोघरी असे खड्डे करून उघड्या नाल्या आणि डास हटवले, तेव्हा मला फार बरं वाटलं.

नव्या कार्यकारिणीला एकच विनंती. ठरावात 'सांडपाणी' आणि 'मैलापाणी' असे दोन शब्द वेगळे लिहा, आणि टाकी भरली की उपसायला गाडीच बोलवा, माणूस उतरवू नका. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा!