केकातला बेदाणा

नाताळचा फळांचा केक मूळचा साहेबाचा. पण तो आपल्या देशात पहिल्यांदा भाजला, असं सांगतात, केरळातल्या तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू या बिस्किटवाल्यानं, १८८३ साली. ब्राऊन नावाच्या मळेवाल्यानं विलायतेहून आणलेला केक त्याला चाखायला दिला, खजूर-बेदाणेही दिले आणि ब्रँडी माहे गावातून आण म्हणाला. बापूनं काय करावं? काजूची बोंडं नि केळी आंबवून काढलेली गावठी दारूच त्यात घातली! साहेब खूश झाला. आणखी डझनभर केक सांगितले.

आता तो बेदाणा आपल्या जिल्ह्यात होतो. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन द्राक्षातून 'सोनाका' वाण निवडलं. पंढरपूरकडे कासेगावात बेदाण्याची शेडं आहेत. साधारण चार किलो द्राक्षं जाळीवर सुकली की एक किलो बेदाणा हाती येतो. मग काड्या काढणं, निवडणं, ही कामं बहुतेक बायांची. हात आपले, केक मात्र शहरातल्या बेकरीचा.

गटानं यंदा करून बघावा. बेदाणे रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवा, दारू नको. कुकरची शिटी नि रिंग काढून तळाला मीठ पसरा, आच मंद ठेवा. विकायचा असेल, तर अन्न परवान्याची नोंदणी दिवाळीआधीच उरकून घ्या.