मुद्गल : वजन आणि वाट

१९३२ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं ऑलिंपिक सामने भरले होते. त्यांतील व्यायामविभागांत एक विलक्षण स्पर्धा होती. स्पर्धकानें दोन्ही हातांत एकेक लाकडी मुद्गल घेऊन ते अखंड फिरवावयाचे, व परीक्षकांनीं तें फिरविणें पाहून गुण द्यावयाचे. या साधनाचें अधिकृत नांव 'इंडियन क्लब्ज', म्हणजे भारतीय मुद्गल, असें होतें. स्पर्धक अवघे चार. तीन अमेरिकन आणि एक मेक्सिकन. भारतीय मुद्गलांच्या स्पर्धेंत भारतीय मनुष्य एकहि नव्हता. पहिला आलेला जॉर्ज रॉथ हा महामंदीच्या तडाख्यांत सांपडलेला बेकार तरुण होता. हजारों प्रेक्षकांसमोर सुवर्णपदक स्वीकारून तो क्रीडांगणाबाहेर पडला आणि रस्त्यावरील मोटारींना हात करीत घरीं पोंचला. त्यानंतर ही स्पर्धा ऑलिंपिकमध्यें पुन्हां झाली नाहीं.

भारतांतील आखाड्यांतलें हें साधन सात समुद्रांपलीकडे कसें गेलें, जातांना त्याचें काय हरवलें, आणि ज्या भूमीचें नांव त्याला मिळालें तिच्या हातूनहि तें कसें निसटूं लागलें, हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण कोणतीहि विद्या कशी टिकते व कशी नष्ट होते याचा धडाहि त्यांत आहे.

मुद्गल हें मूळचें शस्त्र. संस्कृतांतील 'मुद्गर' तोच हा. गदा ही त्याची थोरली बहीण. भीम-दुर्योधनांचें गदायुद्ध आणि मारुतिरायाच्या खांद्यावरील गदा मराठी मुलाला कळत्या वयापासून ठाऊक असते. जड शस्त्र पेलावयाचें तर रोजचा सराव हवा, आणि तो सराव हाच एक व्यायाम होऊन बसतो. रणांगणावरून गदा नाहींशी झाली, तरी आखाड्यांत तिचा सराव मागें राहिला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें १२व्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांतील 'मल्लविनोद' या प्रकरणांत मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि त्यांचे 'श्रम', म्हणजे व्यायाम, यांचें वर्णन आहे. भार पेलण्याचा भारश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम हे त्यांपैकींच होत. म्हणजे सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं दख्खनमध्यें शरीर कमावणें ही क्रमानें शिकण्याची आणि शिकविण्याची विद्या होऊन चुकली होती.

पुढें या धारेंत इराणी परंपरेची धार मिसळली. याची साक्ष मराठी शब्दच देतात. 'मल्ल', 'मुद्गल', 'आखाडा' हे संस्कृत कुळांतले. 'तालीम', 'वस्ताद', 'पहिलवान' हे फारसीच्या वाटेनें आलेले. आणि ज्याला मराठींत 'जोर' काढणें म्हणतात तो 'जोर'हि फारसीच. इराणांतील व्यायामशाळेचें नांवच 'जोरखाना'. तेथें अष्टकोनी, खोलगट हौद्यांत उतरून मंडळी 'मील' नांवाचे भले थोरले मुद्गल खांद्यांवरून फिरवितात, आणि उंच आसनावर बसलेला मुर्शिद तालवाद्य वाजवून फिर्दौसीच्या शाहनाम्यांतील पद्यें म्हणत त्यांची लय सांभाळतो. ही परंपरा इराणांत आजहि जिवंत असून, २०१० सालीं युनेस्कोनें तिची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली.

भारतांत या साधनाचीं रूपें अनेक झालीं. महाराष्ट्रांतील तालमींत मुद्गल, करेल, जोडी; उत्तरेकडील आखाड्यांत बांबूच्या दांड्यावर दगडी गोळा बसविलेली गदा; तमिळ मुलखांत कर्लाकट्टै. रूपें निरनिराळीं, पण घडण एकच. मूठ बारीक, मान सडपातळ आणि पोट जड. वजन मुठीपासून दूर ठेवलेलें असतें, आणि या एका गोष्टींत मुद्गलाचें सारें मर्म आहे. चार किलोंचा मुद्गल आडवा धरला आणि त्याचा वजनमध्य मुठीपासून ५० सेंटिमीटरांवर असला, तर मनगटाला बसणारा पीळ दहा सेंटिमीटरांवर टांगलेल्या २० किलोंच्या ओझ्याइतका होतो. म्हणून तराजूंतील आंकड्यावरून मुद्गलाची पारख होत नाहीं.

शिवाय मुद्गल हा उचलून खालीं ठेवावयाचा नसतो. तो सोडावयाचा आणि सांवरावयाचा असतो. दोरीला बांधलेलें वजन आडव्या स्थितींतून मोकळें सोडलें, तर तें अगदीं तळाशीं येतांना दोरीवर त्याच्या तिप्पट ओढ पडते. हातांतील मुद्गलाचा झोंका जसजसा मोकळा होतो, तसतशी तीच ओढ हाताला, कोपराला व शेवटीं खांद्याला येऊन भिडते. ओझें उचलतांना सांधा दाबला जातो. मुद्गल फिरवितांना तो ताणला जातो.

खांद्याची रचना पाहिली म्हणजे या ताणाचें महत्त्व कळतें. मांडीचें हाड कमरेच्या खोल उखळींत बसलेलें असतें. दंडाच्या हाडाचा वाटोळा माथा मात्र खवाट्याच्या उथळ बशींत नुसता टेकलेला असतो. त्यामुळें हात चहूं दिशांना फिरूं शकतो, आणि त्याचमुळें खांदा निखळतोहि लौकर. हा माथा जागेवर राखण्याचें काम मुख्यतः चार लहान स्नायु करतात. हात डोक्यावर नेला म्हणजे खवाटाहि बरगड्यांवरून सरकत असतो. ढोबळ मानानें दोन भाग हालचाल सांध्यांत, तर एक भाग खवाट्याच्या सरकण्यांत होते. दिवसभर मेजावर वांकून लिहिणाऱ्या माणसाचे खवाटे एकाच जागीं आखडून जातात. मुद्गल पाठीमागून फिरून येतांना सांधा व खवाटा या दोघांनाहि आपापला वांटा उचलावा लागतो, आणि ते चार लहान स्नायु फिरत्या ओढीखालीं माथा बशींत धरून ठेवण्यास शिकतात. बळ आणि मोकळेपणा या सहसा एकत्र न नांदणाऱ्या गोष्टी येथें एकाच हालचालींत मिळतात.

परंतु हें सारें वाट बरोबर असेल तरच. नवशिक्याला प्रथम एकच, आणि तोहि हलका, मुद्गल द्यावा लागतो. पाय खांद्यांइतके फांकवून तो छातीसमोर उभा धरावयाचा. मूठ कानाजवळून खांद्यामागें नेली कीं मुद्गलाचें डोकें आपोआप पाठीमागें उतरतें. मग कोपर आभाळाकडे ठेवून तो लोलकासारखा एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे झुलूं द्यावयाचा, आणि झोंका संपण्याच्या बेतांत आला म्हणजे पुन्हां छातीसमोर आणावयाचा. ओढ घाईनें दिली तर मनगट मुरगळतें. उशिरां दिली तर कंबरेंत कमान पडते. श्वास कोंडतां कामा नये, आणि डाव्या हाताची वाट उजव्याइतकीच साफ झाल्यावांचून दुसरा मुद्गल हातीं घेतां कामा नये. उत्तरेंतील कांहीं आखाड्यांत जोडीच्या पोटावर खिळे ठोकलेले असत. वाट चुकली कीं खिळा पाठीला लागे. पद्धत क्रूर खरी. पण जुन्या वस्तादांनीं वजनापेक्षां वाटेला किती मोल दिलें होतें, हें त्या खिळ्यांवरून समजतें.

१९व्या शतकाच्या आरंभीं ब्रिटिश सैन्यांतील अधिकाऱ्यांच्या नजरेंत हा व्यायाम भरला. लंडनमध्यें डोनाल्ड वॉकर यांनीं १८३४ सालीं 'ब्रिटिश मॅन्ली एक्झरसाइझेस' हें पुस्तक काढलें, त्यांत भारतीय मुद्गलांना जागा दिली. लागोलाग स्त्रियांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनीं अधिक नाजुक मुद्गल सुचविले. त्यांना नांव दिलें 'भारतीय राजदंड'. वजन कमी करण्याचा क्रम येथूनच सुरू झाला.

तरी आरंभींच्या पिढींत जड मुद्गलाचे खरे उपासक होते. लंडनचे प्रोफेसर हॅरिसन हे त्यांत प्रमुख. त्यांच्याविषयींची एक नोंद मोठी बोधप्रद आहे. त्यांनीं सुरुवात केली ती प्रत्येकीं ७ पौंडांच्या, म्हणजे सव्वातीन किलोंच्या, जोडीनें. तीन वर्षें पायरीपायरीनें वाढवीत ते ३७ पौंडांची, म्हणजे प्रत्येकीं सुमारें १७ किलोंची, जोडी सहज फिरवूं लागले. आणि त्यांचा सर्वांत जड मुद्गल ४७ पौंडांचा, म्हणजे २१ किलोंहून अधिक होता. तीन वर्षांचा हा संथ चढ म्हणजे आखाड्याचीच शिस्त होती. अमेरिकेंतील सिम केहो यांनीं १८६१ सालीं इंग्लंडांत हॅरिसन यांचे खेळ पाहिले, मायदेशीं परतून मुद्गल तयार करून विकावयास आरंभ केला, आणि १८६६ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें.

पण त्याच सुमारास बॉस्टनचे डॉ. डायो लुइस यांनीं निराळाच मार्ग काढला. जड साधनांनीं शरीर मंद होतें, चपळाई हवी तर साधनें हलकीं हवींत, असें त्यांचें मत. १८६२ सालच्या त्यांच्या पुस्तकानें हलक्या लाकडी साधनांचा, संगीताच्या तालावरचा व्यायाम शाळाशाळांतून नेला. त्यांत चूक कांहीं नव्हतें. मुलें, स्त्रिया, अशक्त माणसें यांना व्यायामाचें दार उघडलें, हा मोठाच लाभ झाला. परंतु मुद्गल जसजसा हलका झाला, तसतशी त्याच्या वाटेची कसोटीहि नाहींशी झाली. अर्ध्या किलोचा मुद्गल कसाहि फिरविला तरी शरीर तक्रार करीत नाहीं. मग राहिला तो केवळ देखावा. दुसऱ्या टोंकाला रंगभूमीवरचे शक्तिप्रयोग करणारे लोक. त्यांनीं वजन ठेविलें, पण त्यांच्या दृष्टीनेंहि मुद्गल हा टाळ्या मिळविण्याचा विषय होता. १९०४ सालीं अमेरिकेंतच सेंट लुइस येथें मुद्गल ऑलिंपिकमध्यें आला, तेव्हां एडवर्ड हेनिग हे विजयी झाले. तेथेंहि स्पर्धक सारे अमेरिकन. पुढें सांघिक मैदानी खेळांची लाट आली आणि मुद्गल मागें पडला. आज त्याचा वंशज तालबद्ध जिम्नॅस्टिक्समध्यें दिसतो. हा प्रकार १९८४ पासून ऑलिंपिकमध्यें आहे, आणि त्यांतील मुद्गलाचें वजन किमान १५० ग्रॅम असलें म्हणजे पुरतें.

याच काळांत भारतांतहि अशीच फांटाफूट झाली. इंग्रजी शाळांच्या कवाइतींत हलक्या मुद्गलांच्या जोड्या विलायती वळण घेऊन परत आल्या. शिकलेल्या घरांतील मुलगा शाळेंत शिटीच्या तालावर मुद्गल हलवूं लागला, आणि त्याच गांवच्या तालमींत लाल मातींत जड जोडी घुमविणाऱ्याची त्याला ओळखहि राहिली नाहीं. 'तालीमबाज' हा शब्द सुशिक्षितांच्या तोंडीं किंचित तुच्छतेचा झाला. शाळेच्या वांट्याला वजनावांचून वाट आली. आणि तालमीजवळ दोन्ही असूनहि तिचें ज्ञान कागदावर उतरविण्यास कोणी पुढें येईना.

ही दरी बुजविण्याचा प्रयत्न करणाऱ्या मराठी माणसांचें ऋण मोठें आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या नव्यानें मांडली. बडोद्यास जुम्मादादांची गादी चालविणारे राजरत्न माणिकराव यांनीं देशी व्यायामाला सांघिक रूप दिलें आणि त्यासाठीं इंग्रजीऐवजीं देशी भाषेंतील आज्ञा प्रचारांत आणल्या. त्यांच्याच आखाड्यांत पुढें स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आलेले जगन्नाथ गणेश गुणे तयार झाले. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान आखाडा काढला. तेथील पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं भारतीय खेळ दाखविले. आणि बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' सिद्ध करून, तोंवर वस्तादाच्या हातांतच असलेली विद्या ग्रंथांत आणली.

गेल्या पंचवीस वर्षांत युरोप-अमेरिकेंत जड मुद्गल पुन्हां डोकें वर काढीत आहे. आतां तो पुष्कळदां पोलादी असतो. त्या वाऱ्यानें भारतांतील शहरांतहि तो व्यायामशाळांत दिसूं लागला आहे. ही गोष्ट आनंदाची आहे. मात्र जुनाच धोका तिच्याबरोबर येतो. बाजारांत मुद्गल मिळतो, त्यावर किलोंचा आंकडा कोरलेला असतो. वाट कोरलेली नसते. उत्साही तरुण आठवड्याभरांत आंकडा वाढवितो आणि महिन्याभरांत खांदा धरून बसतो. हॅरिसन यांना सात पौंडांपासून सदतिसांपर्यंत जाण्यास तीन वर्षें लागलीं, हें त्यानें ध्यानांत ठेवावें. ज्याचा खांदा पूर्वीं निखळलेला किंवा दुखावलेला आहे, त्यानें तर वैद्याला विचारल्यावांचून या वाटेस जाऊं नये.

इराणांत मीलाबरोबर हौदा, ताल, पद्य आणि मुर्शिद हीं सारीं एकत्र राहिलीं, म्हणून तेथें मीलहि राहिला. लॉस एंजेलिसला मुद्गल एकटाच पोंचला होता. त्याच्याबरोबर आखाडा गेला नव्हता, वस्ताद गेला नव्हता. कोल्हापूर, पुणें, सांगलीकडील तालमींत अजूनहि जुनी जाणतीं माणसें आहेत. घरांतील मुलामुलींच्या हातीं मुद्गल द्यावयाचा तर हलका लांकडी मुद्गल विकत घेण्याआधीं अशा एखाद्या माणसाचा पत्ता काढावा, आणि पहिले कांहीं महिने वजनाचा प्रश्नच विचारूं नये.