विष वैरणीत, की पोटातल्या जिवाणूंत?

अवर्षणात खुरटलेली ज्वारी खाऊन धडधाकट बैल काही तासांत कोसळतो, हे दृश्य दुष्काळी महाराष्ट्राला अपरिचित नाही. अशा ज्वारीत दोन धोके असतात : हायड्रोजन सायनाइड आणि नायट्रेट. वैरण वाळल्यावर पहिला बराचसा ओसरतो. दुसरा मात्र कडब्यातही टिकून राहतो.

या दुसऱ्या विषाची जुनी नोंद अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील आहे. मक्याची ताटे खाऊन दगावलेल्या गुरांच्या वैरणीत पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच सोरा, असल्याचे एन. एस. मेयो यांनी 1895 मध्ये दाखवले. परंतु नायट्रेट स्वतः तितके जहाल नाही. मग मृत्यू कशाने? 1939 च्या सुमारास वायोमिंगमध्ये ब्रॅडली, एप्सन आणि बीथ यांनी ओटच्या वैरणीचा अभ्यास करून हा प्रश्न उलगडत नेला. कोटीपोटातील जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. ते रक्तात उतरून हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावून घेते आणि रक्त चॉकलेटी होते. त्यावर शिरेतून दिलेले मिथिलिन ब्लू उपयोगी ठरले.

विष घडवणारे जिवाणूच असतील, तर त्यांनाच रोखावे, या विचारातून प्रतिजैविक या उपचारात आले. कोटीपोट थंड पाण्याने धुऊन त्यात प्रतिजैविक सोडल्यास नायट्राइटची नवी निर्मिती मंदावू शकते. मात्र रक्तात आधीच पोहोचलेल्या विषावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. प्रौढ माणसाला कोटीपोट नसल्याने हा धोका पुष्कळ कमी. तान्ह्या बाळांना मात्र नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यातून असाच त्रास होतो, हे हंटर कॉमली यांनी 1945 मध्ये मांडले.

सुबाभळीची कथा नेमकी उलटी आहे. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने प्रसारित केलेल्या या चाऱ्यात मिमोसिन असते. कोटीपोटात त्यापासून डीएचपी तयार होते आणि त्याने जनावराला गलगंड होतो. ऑस्ट्रेलियात गुरे आजारी पडत, हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन निरोगी राहत. 1980 च्या दशकात रेमंड जोन्स आणि सहकाऱ्यांनी तेथील शेळ्यांच्या कोटीपोटातील जिवाणू ऑस्ट्रेलियन जनावरांत सोडले आणि ती सुरक्षित झाली. डीएचपी मोडणाऱ्या त्या जिवाणूला 1992 मध्ये जोन्स यांच्याच स्मरणार्थ नव्हे, तर सन्मानार्थ, सिनर्जिस्टिस जोन्सिआय हे नाव मिळाले.

एका विषबाधेत जिवाणू मारेकरी, दुसरीत रक्षक. प्रतिजैविकाची बाटली उघडण्यापूर्वी म्हणूनच विचारावे लागते : या पोटात विष घडवतो कोण, आणि मोडतो कोण?