पन्नास पूर्णांक दोन दशांश

उत्तर जर्मनींत एम्स नदीच्या कांठीं पापेनबुर्ग नांवाचें गांव आहे. समुद्र तेथून बराच दूर. तरी या गांवच्या गोदींत अजस्र प्रवासी जहाजें बांधलीं जातात आणि नदींतूनच समुद्राकडे नेलीं जातात. ४ नोव्हेंबर २००६ च्या रात्रीं असेंच एक नवें जहाज निघावयाचें होतें. नदीवरून गेलेल्या ३८० किलोव्होल्टच्या तारांखालून तें सुखरूप जावें, म्हणून साडेनऊच्या सुमारास त्या तारांचा प्रवाह बंद करण्यांत आला. त्यांचा भार इतर तारांवर पडला. अर्ध्या तासानें, १० वाजून १० मिनिटांनीं, एक तार भार असह्य होऊन सुटली, तिच्यामागून दुसरी सुटली, आणि पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत पसरलेल्या विजेच्या जाळ्याचे कांहीं सेकंदांत तीन तुकडे झाले. दीड कोटीहून अधिक कुटुंबांची वीज गेली.

या तुकड्यांत पुढें जें घडलें तें समजण्यास एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. युरोपांतील जाळ्यांत प्रवाह सेकंदास ५० आंदोलनें करतो. वीज मागणीपेक्षां जास्त झाली कीं हा आंकडा चढतो, कमी पडली कीं उतरतो. तराजूचा कांटाच तो! पश्चिमेकडील तुकड्यांत वीज अपुरी पडून कांटा ४९ पर्यंत खालीं आला. तेथील कित्येक लहान जनित्रांना व पवनचक्क्यांना असा नियम घालून दिलेला होता, कीं कांटा ढळतांच जाळ्यांतून बाहेर पडावें. तीं नियमाप्रमाणें बाहेर पडलीं आणि तूट अधिकच वाढली. ईशान्येकडे वीज जास्त होऊन कांटा क्षणभर ५१.४ पर्यंत चढला. तेथें पवनचक्क्या सुटल्या हें बरेंच झालें, पण थोड्या वेळानें कोणीं न बोलावतां त्या आपण होऊन परत आल्या. ३८ मिनिटांनीं तिन्ही तुकडे पुन्हां सांधले गेले. रात्र असल्यामुळें छपरांवरील सौर पॅनेलांचा या प्रकरणांत कांहींच संबंध आला नाहीं. परंतु त्यांनाहि असाच नियम लागू होता.

तो नियम ज्या हेतूनें झाला तो हेतु निर्मळ होता. १९९० सालीं जर्मनींत 'हजार छपरें' या नांवाची योजना निघाली आणि प्रत्यक्षांत दोन हजारांहून अधिक घरांवर पॅनेलें चढलीं. छपरावरची वीज रस्त्यावरच्या तारेंत मिसळूं लागतांच अभियंत्यांना काळजी पडली ती लाइनमनची. दुरुस्तीसाठीं मुख्य प्रवाह तोडला, लाइनमन खांबावर चढला, आणि त्याच वेळीं कोणाच्या तरी छपरावरून वीज उलट तारेंत शिरली तर? मेलेली समजून हात लावलेली तार जिवंत निघावयाची! पॅनेलांतील एकमार्गी प्रवाहाचें घरगुती विजेंत रूपांतर करणारें जें इन्व्हर्टर नांवाचें यंत्र, त्याच्यावरच मग पहाऱ्याचें काम सोंपविण्यांत आलें. जाळें मृत झालें कीं त्यानें स्वतःस तोडून घ्यावें. भर दुपारीं वीज गेली असतां, छपरावर ऊन ओतत असूनहि, बॅटरी नसलेल्या घरांतला पंखा थांबतो तो याचमुळें. मालकाला तो यंत्राचा दोष वाटतो, परंतु तो त्याचा धर्म होय.

जाळें मृत झालें हें यंत्रानें ओळखावें कसें? दाबावरून आणि त्याच आंदोलनांच्या कांट्यावरून. जर्मन मानकानें वरची मर्यादा ठरविली ५०.२, ती ओलांडली कीं एक पंचमांश सेकंदांत बाहेर. कांहीं हजार छपरांच्या बाबतींत यांत वावगें कांहीं नव्हतें.

पुढें २००० सालच्या कायद्यानें सौरविजेला वीस वर्षांचा निश्चित भाव मिळाला आणि छपरें भराभर निळीं होत गेलीं. २०११ अखेर जर्मनींतील पॅनेलांची शक्ति सुमारें २५,००० मेगावॅट झाली. सारा युरोप मिळून अचानक तुटीसाठीं राखून ठेवी ती शक्ति होती ३,००० मेगावॅट! आतां पापेनबुर्गची ती रात्र लखलखीत दुपार असती तर? कांटा ५०.२ वर जातांच लाखों इन्व्हर्टर एकाच क्षणीं बाहेर पडले असते. थोडीशी जास्त असलेली वीज त्याच क्षणीं भयंकर अपुरी पडली असती. एका लाइनमनच्या रक्षणासाठीं नेमलेला पहारेकरी लाखांच्या संख्येनें उभा राहिला, आणि साऱ्यांना पळण्याची खूण मात्र एकच दिलेली होती.

ऑगस्ट २०११ पासून नवा नियम अमलांत येऊं लागला. ५०.२ च्या पुढें यंत्रानें एकदम न सुटतां आपलें उत्पादन हळूहळू आवरावें, ५१.५ पर्यंत जाळ्यांत टिकून राहावें. परत येतांना कांटा स्थिर झाल्याची खात्री करून मगच थोडें थोडें वाढावें. जुन्या यंत्रांचें काय, हा प्रश्न अधिक कठीण होता. जुलै २०१२ च्या सरकारी आदेशानें दहा किलोवॅटच्या वरचीं सुमारें ३,१५,००० सौरसंयंत्रें दुरुस्तीसाठीं निवडलीं गेलीं. खर्च मालकांवर न टाकतां वीजग्राहकांच्या आकारांतून वसूल झाला. त्यावर कुरकुर होणें साहजिक होतें. पण ज्या मालकांनीं त्या काळचा नियम अक्षरशः पाळला, त्यांनाच दंड कोणत्या न्यायानें करावयाचा?

मग गांवोगांव तंत्रज्ञ फिरले. तळघरांत, गोठ्यांत, कोठारांत बसविलेल्या यंत्रांपुढें उभे राहून बहुतेक ठिकाणीं त्यांनीं केवळ आंकडे बदलले. ज्या यंत्रांना उत्पादन हळूहळू आवरणें शक्य नव्हतें, त्यांना वेगवेगळे आंकडे वांटून दिले, म्हणजे तीं एकामागून एक सुटतील. लाइनमनसाठींचा पहारा मात्र कोणीं उठविला नाहीं. जाळें मृत झालें कीं सौरयंत्रानें बाजूस व्हावें हा दंडक कायम राहिला. आणि लाइनमननेंहि कोणत्याच यंत्रावर विसंबून न राहतां, तार तपासून व भूमीस जोडून मगच तिला हात लावावयाचा असतो.